अल्झायमरमध्ये ब्लड-ब्रेन बॅरियर गळतो, आणि तुंबतोही

उतारवयात होणाऱ्या अल्झायमरबद्दल एक समज पक्का बसलेला आहे: रुग्णाच्या मेंदूत ॲमिलॉइड बीटा नावाचं प्रथिन जास्त तयार होतं आणि त्याचे गोळे साठतात. साठतात हे खरं. जास्त तयार होतं, हे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरं नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रँडल बेटमन यांच्या गटाने २०१० साली ते मोजून दाखवलं. १२ रुग्ण आणि १२ निरोगी माणसं घेतली. वेगळा ओळखता येईल असा जड कार्बन असलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल त्यांना शिरेतून दिलं आणि मग मणक्यातलं पाणी पुन्हापुन्हा तपासून नवं ॲमिलॉइड किती वेगाने बनतं आणि किती वेगाने नाहीसं होतं ते पाहिलं. बनण्याचा वेग दोन्हीकडे सारखा निघाला. निचऱ्याचा वेग मात्र निरोगी माणसांत तासाला सात-साडेसात टक्के, तर रुग्णांत सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सुमारे ३० टक्के कमी.

मोरी तुंबली की आपण नळाला दोष देत नाही, जाळी उचलून बघतो. अल्झायमरच्या औषधांनी मात्र बरीच वर्षं नळ बंद करून पाहिला. ॲमिलॉइड कापून तयार करणारं बीटा-सिक्रिटेज हे एन्झाइम रोखणारी औषधं आली. त्यातल्या व्हेरुबेसेस्टॅटने उत्पादन भरपूर कमी केलं, तरी रुग्णांना फायदा झाला नाही. उलट सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची स्मरणशक्ती औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा थोडी जास्तच घसरली.

निचऱ्याच्या वाटा अनेक आहेत, पण त्यातली एक महत्त्वाची वाट थेट रक्तात उघडते, आणि ती ब्लड-ब्रेन बॅरियरमधून, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरातून, जाते. या बॅरियरविषयी लिहिताना ‘तो फुटतो आणि नको ते मेंदूत शिरतं’ एवढंच सांगितलं जातं. ही अर्धीच गोष्ट झाली. बॅरियरचं रोजचं काम अडवण्यापेक्षा ने-आण करण्याचं आहे, आणि अल्झायमरमध्ये ही ने-आण बिघडणं हे गळतीइतकंच, कदाचित जास्त, महागात पडतं.

एका केशवाहिनीचा छेद

मेंदूतल्या सगळ्या केशवाहिन्या एकापुढे एक मांडल्या तर लांबी साधारण ६०० किलोमीटर भरते. बॅरियर म्हणजे मेंदूभोवतीचं वेष्टन नव्हे. तो या प्रत्येक केशवाहिनीच्या भिंतीत आहे. नळीचा व्यास जेमतेम एका लाल रक्तपेशीएवढा, त्यामुळे पेशी अंग मुडपून एकामागून एक जातात. आतून बाहेर निघालो तर काय लागतं ते पाहू.

सर्वांत आत अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियल पेशी. जाडी काही शे नॅनोमीटर. शरीरात इतरत्र या पेशींच्या मध्ये फटी असतात, काही ठिकाणी तर अंगातच भोकं असतात. मेंदूत ती नसतात. शेजारच्या दोन पेशींच्या कडा टाइट जंक्शननी जोडलेल्या असतात. क्लॉडिन-५ आणि ऑक्लुडिन ही प्रथिनं दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकांत अडकतात, आणि पेशीच्या आतून झेडओ-१ नावाचं प्रथिन त्यांना पेशीच्या सांगाड्याला बांधून ठेवतं. हे सांधे किती घट्ट आहेत ते विजेच्या विरोधावरून मोजतात. इतर अवयवांतल्या केशवाहिन्यांच्या मानाने मेंदूतल्या केशवाहिन्यांचा विरोध शंभरपट किंवा त्याहून जास्त भरतो. थॉमस रीज आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी १९६७ साली उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं की रक्तात सोडलेलं एन्झाइम नेमकं याच सांध्यांपाशी अडतं. तोपर्यंत बॅरियर नक्की कुठे आहे यावर वादच होता.

सांधे बंद असले तरी दुसरी वाट उरते: पेशीच्या पोटातून. इतर अवयवांतल्या केशवाहिन्या रक्तातला द्रव छोट्या पिशव्यांत भरून पलीकडे टाकत असतात. मेंदूत ही वाहतूक मुद्दाम दाबून ठेवलेली असते. एमएफएसडी-२ए हे प्रथिन पेशीच्या पडद्यातली चरबी अशी राखतं की पिशव्या तयारच होत नाहीत. मग मेंदूला लागणारं आत जातं कसं? ठरलेल्या वाहकांवरून. ग्लुकोजला ग्लूट-१, मोठ्या अमिनो आम्लांना लॅट-१, लोहाला रिसेप्टर, म्हणजे लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिनला पकडणारं प्रथिन. पार्किन्सनची लेव्होडोपा याच लॅट-१ वरून मेंदूत शिरते. उलट दिशेला पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप असतात, जे आत आलेलं औषध पकडून रक्तात परत फेकतात. जुलाबावरची लोपेरामाइड रासायनिकदृष्ट्या अफूच्या वर्गातली आहे, तरी नेहमीच्या मात्रेत तिची नशा होत नाही. कारण हाच पंप.

अस्तराच्या बाहेर बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे कोलॅजन आणि लॅमिनिन यांचा पातळ थर. त्याच थरात रुतलेली, केशवाहिनीला लांब बाहूंनी कवटाळून बसलेली पेरिसाइट पेशी. हिच्याकडे परत येऊ. बाहेरून ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींचे पाय जवळजवळ सगळी नळी झाकून टाकतात, आणि या पायांवर पाण्याची वाट असलेली ॲक्वापोरिन-४ ही प्रथिनं दाटीवाटीने बसलेली असतात.

हे सगळे थर एकमेकांना सतत संदेश देत असतात. अस्तराची पेशी मेंदूबाहेर काढून एकटीच वाढवली तर काही दिवसांत ती घट्टपणा विसरायला लागते. प्रयोगशाळेत बॅरियर बनवणं कठीण जातं ते म्हणूनच.

ॲमिलॉइड बाहेर पडतं कसं, आणि अडतं कुठे

ॲमिलॉइडचा एक रेणू न्यूरॉनच्या, म्हणजे चेतापेशीच्या, बाहेर सुटला असं धरा. तो पेशींमधल्या द्रवातून केशवाहिनीपर्यंत येतो. अस्तराच्या मेंदूकडच्या बाजूला एलआरपी-१ नावाचं मोठं रिसेप्टर प्रथिन असतं, ते त्याला पकडतं. पडदा आत वळतो, पिशवी तयार होते. पिकाम हे प्रथिन त्या पिशवीला पेशीतल्या कचराकुंडीत, म्हणजे लायसोसोममध्ये, जाऊ न देता रक्ताच्या बाजूला वळवतं. तिथे रेणू बाहेर पडतो. रक्तात एलआरपी-१चाच सुटा तुकडा फिरत असतो, तो ॲमिलॉइडला धरून ठेवतो म्हणजे ते परत आत शिरत नाही. शेवटी यकृत ते काढून टाकतं.

अल्झायमरमध्ये या साखळीची जवळपास प्रत्येक कडी कमकुवत झालेली सापडते. मेंदूच्या केशवाहिन्यांत एलआरपी-१ कमी होतं. पिकामही कमी होतं. आणि पिकामचं जनुक अल्झायमरच्या जोखमीच्या जनुकांच्या यादीत आहे, हा योगायोग वाटत नाही. रक्तातला सुटा तुकडा ऑक्सिडेशनने खराब होतो आणि ॲमिलॉइड नीट धरत नाही.

त्याच वेळी उलट्या दिशेचा दरवाजा मोठा होतो. रेज नावाचं रिसेप्टर रक्तातलं ॲमिलॉइड मेंदूत आणतं. त्याचं प्रमाण वाढतं. रेजचा त्रास फक्त आयात करण्याचा नाही. ॲमिलॉइड त्याला चिकटलं की अस्तराच्या पेशीत दाहाचे संदेश चालू होतात, कॅल्शियम वाढतं, आणि एमएमपी-९ हे प्रथिनं कुरतडणारं एन्झाइम बाहेर पडतं. ते टाइट जंक्शनची प्रथिनं आणि बेसमेंट मेम्ब्रेन दोन्ही खातं. म्हणजे तुंबण्यातून गळती सुरू होते.

जे ॲमिलॉइड बाहेर पडत नाही ते सगळं प्लाकमध्ये, म्हणजे मेंदूत साठणाऱ्या गोळ्यांत, जातं असंही नाही. लांबीने दोन अमिनो आम्लं जास्त असलेलं ॲमिलॉइड-४२ मुख्यतः प्लाकमध्ये साठतं, तर ॲमिलॉइड-४० छोट्या धमन्यांच्या भिंतींत, स्नायूंच्या थरात जाऊन बसतं. याला सेरेब्रल ॲमिलॉइड अँजिओपॅथी म्हणतात. शवविच्छेदनात बहुसंख्य अल्झायमर रुग्णांत ती कमी-अधिक प्रमाणात आढळते. अशी धमनी कडक होते, नीट स्पंदन पावत नाही, आणि ठिसूळही होते. हा शेवटचा मुद्दा औषधांच्या वेळी पुन्हा येईल.

पेरिसाइट: सगळ्यात दुर्लक्षित पेशी

अल्झायमरच्या केशवाहिनीत कुठल्या एका पेशीकडे बारकाईने पाहायचं असेल तर ती ही. स्नायूंमध्ये अस्तराच्या सुमारे शंभर पेशींमागे एक पेरिसाइट असते. मेंदूत हे प्रमाण एकास एक ते तीनास एक इतकं दाट आहे. अस्तराच्या पेशी पीडीजीएफ-बीबी हा संदेश सोडतात, पेरिसाइट तो पीडीजीएफआर-बीटा या रिसेप्टरवर घेते आणि जगते. ही जोडी उंदरांत जनुकीय बदल करून ढिली केली की पेरिसाइट कमी होतात. मग काय होतं ते २०१० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं: सांधे फारसे न उसवताही पेशीच्या पोटातली पिशव्यांची वाहतूक मोकाट सुटते आणि रक्तातली प्रथिनं मेंदूत येतात. ही वाहतूक दाबून ठेवायला अस्तराला पेरिसाइटचा धाक लागतो.

अल्झायमर रुग्णांच्या मेंदूत पेरिसाइट कमी झालेल्या आढळतात. मरताना किंवा जखमी होताना पेरिसाइट आपल्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग सोडते, आणि तो तुकडा मणक्यातल्या पाण्यात मोजता येतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेरिस्लाव्ह झ्लोकोविच यांच्या गटाने २०१९ साली दाखवलं की स्मरणशक्ती नुकती ढळायला लागलेल्यांत हा तुकडा वाढलेला असतो, आणि ही वाढ ॲमिलॉइड किंवा टाऊ (अल्झायमरमध्ये साठणारं दुसरं प्रथिन) वाढलेलं आहे की नाही यावर अवलंबून नसते. याचा अर्थ केशवाहिनीचं नुकसान हा ॲमिलॉइडचा निव्वळ परिणाम नाही. ते समांतरही चालू शकतं.

पेरिसाइटचं दुसरं काम नळीचा व्यास सांभाळण्याचं. तिच्यात आकुंचन पावणारी यंत्रणा असते. २०१९ मध्येच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डेव्हिड ॲटवेल यांच्या गटाने ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या मानवी मेंदूच्या तुकड्यांवर ॲमिलॉइडचे छोटे पुंजके घातले. पुंजक्यांमुळे उपद्रवी ऑक्सिजन रेणू तयार होतात, त्यांच्यामुळे एंडोथेलिन-१ सुटतं, आणि पेरिसाइट केशवाहिनी आवळते. ज्या माणसांच्या मेंदूत ॲमिलॉइड साठलेलं होतं त्यांच्या केशवाहिन्या पेरिसाइटच्या जागीच अरुंद सापडल्या, पेरिसाइटपासून दूर नाही. हा तपशील फार बोलका आहे: नळी सगळीकडून बारीक झाली नव्हती, तिला ठरावीक जागी कुणीतरी आवळत होतं.

आवळणं किरकोळ वाटलं तरी हिशेब करून पाहा. नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या १० टक्के कमी झाली तर ०.९ चा चौथा घात ०.६६ येतो, म्हणजे प्रवाह तब्बल एक तृतीयांशाने घटतो. आणि इथे नळीतून नुसता द्रव नव्हे तर नळीएवढ्याच आकाराच्या पेशी जायच्या आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष अडचण याहून जास्तच. ॲमिलॉइड साठणाऱ्या उंदरांत पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, केशवाहिन्यांत अडकून बसतात. अडकलेल्या केशवाहिन्या शंभरात दोनच्या आसपास, पण जाळं जोडलेलं असल्यामुळे एक नळी बंद झाली की तिच्या पुढच्या बऱ्याच नळ्यांचा प्रवाह मंदावतो. न्यूट्रोफिल हटवल्यावर काही तासांत उंदरांची स्मरणशक्तीही सुधारली होती.

रक्तातलं काय शिरतं, आणि ते का घातक

सांधे सुटले किंवा पिशव्यांची वाहतूक सुरू झाली की सर्वांत त्रासदायक पाहुणा फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन. जखमेवर ते उपयोगाचं. मेंदूत ते फायब्रिनचे धागे होऊन बसतं, आणि मायक्रोग्लिया या मेंदूच्या राखणदार पेशी त्या धाग्यांना सीडी-११बी या रिसेप्टरने ओळखून चवताळतात. त्यांनी सोडलेले ऑक्सिजन रेणू शेजारच्या न्यूरॉनच्या फांद्यांवरचे काटे, म्हणजे जिथे जोडण्या होतात तीच टोकं, नष्ट करतात. कॅटरिना अकासोग्लू यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत हे दाखवलंय, आणि तेही ॲमिलॉइडचे प्लाक नसलेल्या जागी. शिवाय ॲमिलॉइड फायब्रिनोजेनला चिकटतं तेव्हा बनणारी गुठळी विरघळायला जड जाते.

बाकीचे पाहुणे थोडक्यात. अल्ब्युमिन ॲस्ट्रोसाइटना दाहाच्या वाटेवर नेतं. फुटलेल्या लाल पेशींचं हिमोग्लोबिन लोह सोडतं, आणि मोकळं लोह म्हणजे ऑक्सिडेशनची भट्टी. थ्रॉम्बिन न्यूरॉनला विषारी असतं.

आता कमी आत जातं ते. अल्झायमरमध्ये केशवाहिन्यांतलं ग्लूट-१ घटतं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजनचा वाटा २० टक्के, आणि साठवलेलं इंधन जवळजवळ नाही. पेट स्कॅनवर अल्झायमरच्या रुग्णात मेंदूचे मागचे आणि बाजूचे भाग ‘थंड’ दिसतात, म्हणजे तिथे ग्लुकोज कमी वापरलं जातं. याचं मोठं कारण न्यूरॉन आणि त्यांच्या जोडण्या कमी होणं हे आहे, पण दारातूनच पुरवठा कमी होतो हाही त्यातला भाग असू शकतो. उंदरांत ग्लूट-१ अर्धं केलं की बॅरियरही ढिला होतो आणि ॲमिलॉइडचा निचराही मंदावतो.

ॲस्ट्रोसाइटच्या पायांवरचं ॲक्वापोरिन-४ अल्झायमरच्या मेंदूत जागा सोडून पेशीभर पसरतं. त्यामुळे रक्तवाहिन्यांभोवतीच्या फटींतून द्रव फिरवून कचरा धुणारी व्यवस्था सुस्तावते. झोपेच्या संशोधनात ज्या ग्लिम्फॅटिक व्यवस्थेचा बोलबाला आहे ती हीच.

एपीओई-४ वाल्यांचं वेगळं काय

एपीओई हे चरबी वाहून नेणारं प्रथिन. त्याचे तीन प्रकार: २, ३ आणि ४. एपीओई-४ ची एक प्रत असेल तर युरोपीय वंशाच्या लोकांत अल्झायमरची जोखीम साधारण तिप्पट होते, दोन प्रती असतील तर आठ ते बारापट. का? ॲमिलॉइड साठवण्यात त्याचा हात आहेच. पण २०१२ साली झ्लोकोविच यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की पेरिसाइटमध्ये एक वेगळी साखळी चालते. एपीओई-३ एलआरपी-१ला चिकटून सायक्लोफिलिन-ए नावाचं प्रथिन दाबून ठेवतं. एपीओई-४ला ते जमत नाही. सायक्लोफिलिन-ए मोकळं सुटलं की पुन्हा तेच एमएमपी-९ बाहेर येतं आणि बॅरियर कुरतडतं. २०२० साली याच गटाने माणसांच्या एमआरआयवर पाहिलं तेव्हा एपीओई-४ असलेल्यांत हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणींचं ठिकाण, आणि त्याच्या शेजारच्या भागात गळती होती, स्मरणशक्ती ठीक असतानाही.

दुसऱ्या दिशेनेही पुरावा आला. टोनी वाइस-कोरे यांच्या गटाने २०२२ मध्ये मानवी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या एकेका पेशीची जनुकं वाचली. अल्झायमरच्या जोखमीच्या वरच्या ४५ जनुकांपैकी ३० या रक्तवाहिन्यांत चालू स्थितीत सापडली. अशा तपासण्यांत केशवाहिन्यांच्या पेशी वेगळ्या करणं अवघड असल्याने त्या आधी बहुधा निसटूनच जात होत्या.

गळती खरंच किती?

इथे जरा सावध राहावं लागतं. बॅरियर ‘कोसळतो’ असं लिहिलेलं वाचलं की आम्ही पान उलटतो. मेंदूतल्या गाठीभोवती जशी गळती होते त्या मानाने अल्झायमरमधली फार सूक्ष्म असते. नेहमीच्या कॉन्ट्रास्ट एमआरआयवर ती डोळ्याला दिसत नाही. ती पाहण्यासाठी गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य शिरेतून देऊन मिनिटामिनिटाला चित्रं घेत, कॉन्ट्रास्ट रक्तातून मेंदूत किती मुरतं याचा वेग काढावा लागतो. याच पद्धतीने २०१५ मध्ये वयानुसार हिप्पोकॅम्पसमध्ये गळती वाढते आणि स्मरणशक्ती ढळलेल्यांत ती आणखी जास्त असते असं दिसलं. अल्झायमर अगदी सुरुवातीला हात घालतो तो याच भागात आणि त्याच्या आसपास.

दुसरी, जुनी पद्धत म्हणजे मणक्यातल्या पाण्यातलं अल्ब्युमिन भागिले रक्तातलं अल्ब्युमिन. निरोगी माणसात ते साधारण दोनशेस एक असतं. पण केवळ अल्झायमर असलेल्या, रक्तवाहिन्यांचा दुसरा आजार नसलेल्या अनेक रुग्णांत हे गुणोत्तर जवळजवळ सामान्यच येतं. २०१५ मध्येच जेनेन्टेकच्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरच्या वेगवेगळ्या उंदरांत अँटीबॉडी टोचून पाहिल्या, तर त्या निरोगी उंदरांपेक्षा जास्त काही आत शिरल्या नाहीत.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण गळती एकाच आकाराची नसते. क्लॉडिन-५ पूर्णपणे काढून टाकलेल्या उंदरांच्या पिल्लांत ८०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) लहान रेणूच निसटतात, मोठे अडतात. गॅडोलिनियमचे रेणू याच लहान गटातले. अल्ब्युमिन साधारण ६६,५०० डाल्टन, अँटीबॉडी दीड लाख. त्यांना जायला सांधा नव्हे, पिशव्यांची वाट लागते.

हा मुद्दा घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांच्याही कामाचा आहे. ‘बॅरियर उघडा पडलाय, मग औषध आता सहज पोचेल’ हे चूक. अँटीबॉडी दिली तर तिचा साधारण हजारातला एक भागच मेंदूत जातो. उलट बाजूने, पी-ग्लायकोप्रोटीनचा पंप वयानुसार आणि अल्झायमरमध्ये मंदावतो, त्यामुळे एरवी बाहेर फेकली जाणारी काही लहान औषधं जास्त पोचू शकतात. सर्दीच्या आणि झोपेच्या दुकानी गोळ्यांतली डायफेनहायड्रामिनसारखी जुनी अँटिहिस्टामिन तर बॅरियर धड असतानाही मेंदूत सहज जातात आणि स्मृतीला लागणारं ॲसिटिलकोलिन रोखतात. अल्झायमरची डोनेपेझिल हेच ॲसिटिलकोलिन वाढवायला देतात. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असा प्रकार होतो. डिमेन्शियाच्या रुग्णाला अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

रक्तदाब हा केशवाहिन्यांचा जुना शत्रू, मधुमेह त्याचा जोडीदार. स्प्रिंट-माइंड या अमेरिकन चाचणीत ९,३६१ लोक होते. वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात, १४० च्या खाली ठेवलेल्या गटाच्या तुलनेत, स्मरणशक्तीत सौम्य घट होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी राहिलं. डिमेन्शियातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणून ‘बीपी सांभाळा म्हणजे अल्झायमर होणार नाही’ असं कुणी म्हणालं तर ते जास्तीचं. आणि १२० हा आकडा प्रत्येक वृद्धाला झेपेलच असं नाही. उभं राहताना चक्कर येऊन पडणारे यात बरेच असतात.

औषध ॲमिलॉइड काढतं तेव्हा भिंतीचं काय होतं

लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब या अँटीबॉडी ॲमिलॉइड खरोखर काढतात. लेकॅनेमॅबच्या १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांनी आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली होती. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा. किंमत बॅरियर मोजतो. धमनीच्या भिंतीत बसलेलं ॲमिलॉइड अँटीबॉडीने खरवडून निघायला लागतं, आजूबाजूला दाह होतो, आणि स्नायू आधीच झिजलेली ती भिंत पाझरते. एमआरआयवर सूज किंवा बारीक रक्तस्रावाचे ठिपके दिसतात. याला एरिया (ARIA) म्हणतात. लेकॅनेमॅब घेणाऱ्यांत सूज १२.६ टक्के, बिनऔषधाच्या गटात १.७. एपीओई-४ च्या दोन्ही प्रती असणाऱ्यांत मात्र ती ३२ टक्क्यांच्या वर गेली. बहुतेकांना लक्षणं नसतात. काहींना डोकेदुखी, गोंधळ, दृष्टीत फरक होतो, आणि मोजक्यांच्या जिवावर बेतलेलं आहे.

म्हणूनच हे औषध सुरू करण्याआधी एमआरआय, एपीओईची तपासणी, आणि पहिल्या काही महिन्यांत पुन्हापुन्हा एमआरआय. आधीच चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव असतील तर सहसा देत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फार विचार करावा लागतो. आणि असं औषध घेणाऱ्या माणसाला अचानक बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं असं झालं, तर इमर्जन्सीत पाऊल टाकताच पहिलं वाक्य ‘यांना ॲमिलॉइडची अँटीबॉडी चालू आहे’ हे हवं. एरिया पक्षाघातासारखा दिसू शकतो, आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन रुग्ण दगावल्याची नोंद आहे.

नवा प्रयत्न बॅरियरशी भांडण्याऐवजी त्याच्याच वाहनात बसण्याचा आहे. रोश कंपनीच्या ट्रॉन्टिनेमॅब या अँटीबॉडीला एक जोडभाग लावलेला आहे, जो ट्रान्सफेरिनच्या रिसेप्टरला धरतो. लोह नेणारी पिशवी त्याला केशवाहिनीच्या पोटातून थेट मेंदूत सोडते. त्यामुळे मात्रा कमी लागते आणि ॲमिलॉइड लवकर निघतं. सुरुवातीच्या चाचण्यांत सुजेचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली राहिलं. याचं संभाव्य कारण असं मांडलं जातं की साधी अँटीबॉडी मुख्यतः मोठ्या धमन्यांच्या भोवतीच्या फटींतून शिरते, जिथे भिंतीत ॲमिलॉइड दाटलेलं असतं, तर ही केशवाहिन्यांतून शिरते, जिथे ते कमी असतं. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या २०२५ मध्ये सुरू झाल्या.